मुकादमाचा नंबर

धुळाजी मुकादमाच्या दारात पुन्हा उभी राहीन तर आश्रुबाचं नाव लावणार नाही, असं भिवराबाई साऱ्या वस्तीसमोर बोलली होती. बोललेलं पाळणारी बाई होती ती. नवरा गेला, पोरगं मोठं झालं, सून आली, पण त्या दाराकडं तिनं ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि आता बघा काय पाळी आली! दर बाजाराच्या दिवशी हीच बाई डोक्यावर पदर घेऊन त्याच दारात उभी राहायची आणि विचारायची, "मुकादम, फोन आला का?"

धुळाजी ओसरीवर बाजेवर पडलेला असायचा. भर उन्हातसुद्धा पोटावर गोधडी. मान न उचलता म्हणायचा, "न्हाई आला."

"बघा की जरा नीट."

"आला आसता तर सांगितलं नसतं का? मी काय दाबून ठिवलाय?"

ती आल्या पावली परत फिरायची. रस्ताभर त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि पुढच्या बाजाराला पुन्हा यायची. करते काय? त्या एका फोनावर तिचं सगळं अडलं होतं.

वैर जुनं होतं. भिवराबाई तरणीताठी असताना आश्रुबाबरोबर धुळाजीच्या टोळीत ऊस तोडायला जायची. नवराबायको मिळून एक कोयता. पाळी आली आणि बाई कंबर धरून बसली की खाडा, खाडा झाला की दंड. धुळाजी एकदा म्हणाला, "भिवरे, एक ल्योक झालाय ना? मंग गर्भाची पिशवी काढून टाक की. कायमची कटकट जाईल." गाडी त्यानंच केली, दवाखाना त्यानंच दाखवला. तिथल्या डॉक्टरनं, "नाही काढली तर कॅन्सर होईल," असं भेव घातलं आणि पिशवी काढून मोकळा झाला. टाके ओले असताना बाई मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढत होती. तिशी यायच्या आत तिची म्हातारी झाली. हाडं दुखायची, अंगाला दरदरून घाम सुटायचा, कशाला म्हणून जीव लागायचा नाही. टोळीतल्या कितीतरी बायांची हीच गत झाली होती, पण तोंडावर बोलली एकटी भिवराबाई. धुळाजी ते कधी विसरला नाही आणि तीही नाही.

आणि ज्याचं भेव घातलं होतं तो कॅन्सर आलाच की! फक्त दुसरीकडं आला, लघवीच्या पिशवीत. लघवीतून रक्त पडायला लागलं तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. मग नळीतून टीबीची लस पिशवीत सोडायचे, अंगातली लढायची ताकद जागी व्हावी म्हणून. आतून अशी आग व्हायची की ती पलंगाची दांडी धरून शिव्या द्यायची. एवढं सोसूनही गाठ पुन्हा उगवली. मग मोठे डॉक्टर म्हणाले, "पिशवीच काढावी लागेल, आजी."

भिवराबाईनं असा आवाज चढवला की शेजारच्या वॉर्डातली माणसं दारात जमा झाली.

"एक नेली, आता दुसरी? माज्या पोटात काय किरान्याचं दुकान मांडलंय का? ज्यानं यावं त्यानं पिशवी उचलून न्यावी! मेले तरी देनार न्हाई. जाताना हाय त्या आंगानं जाईन."

तेव्हा मध्ये पडली ती शाईस्ता. बीडच्या बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावणाऱ्या हैदरभाईंची ही लेक. शिकून त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली होती. ती पलंगाच्या कडेला बसली आणि सरळ बीडच्या बोलीत बोलली.

"मावशी, ऐका तर. गाठ खरवडनारच हाईत. त्यातला वाटान्याएवढा तुकडा मला द्या आन् थोडं रगत द्या. मी लॅबमधी त्या गाठीचे बारीक बारीक गोळे वाढवते. मंग तुमच्या रक्तातल्या लढनाऱ्या पेशी त्यांच्यावर सोडते. त्या पेशींना जोर देनारी औषधं असत्यात. कुनाला एक लागू पडतं, कुनाला दुसरं, कुनाला कोनतंच न्हाई. तुमच्या आंगावर बघत बसन्यापरीस आधी बशीत बघू. सापडलं तर पिशवी वाचंल. वाचंलच असं न्हाई म्हनत, पर वाचू शकंल."

"वाढवतीस?" भिवराबाई कडाडली. "जे माजा जीव घ्यायला निघालंय त्याला तू खाऊपिऊ घालून वाढवनार?"

"व्हय."

"बाई हायस का कोन हायस!"

"मारायचं आसंल तर आधी जितं पाहिजे ना, मावशी?"

यावर भिवराबाईचा राग दुप्पट झाला. पण पिशवी वाचंल हा शब्द तिच्या कानात अडकून बसला होता. शेवटी तिनं तुकडा दिला, रगत दिलं आणि वॉर्डातून निघताना सगळ्यांच्या देखत बजावलं, "काय निघालं तर कळवा. तवर तुमचं तोंड बघनार न्हाई. उगी बोलावलं तर चपलीनं हानीन."

आता घात कुठं झाला ते ऐका. समोरच्याच पुरुषांच्या वॉर्डात, दाराजवळच्या पलंगावर, धुळाजी मुकादम पडला होता. जन्मभर बिड्या ओढल्या, त्यालाही तोच आजार. त्यानंही तुकडा दिला होता. सिस्टरनं दारातच भिवराबाईला फोन नंबर विचारला. तिच्याकडं कसला आलाय फोन! धुळाजी तिकडून ओरडला, "माजाच घ्या. माज्या टोळीतली बाई हाय."

टोळीतल्या माणसाचा नंबर विचारला की मुकादमाचा सांगायचा, ही इकडची रीतच. रेशन असो, लेकराची शाळा असो, उसाच्या फडात कुणाला साप चावो, फोन जायचा मुकादमाला. भिवराबाईनं टोळी सोडून जमाना झाला होता. "मी न्हाई कुनाच्या टोळीतली," असं ती बोलणारच होती. पण तिचा ल्योक सोमेश्वर आणि सून मंगल अजून धुळाजीच्याच टोळीत जात होते. सोमेश्वर हळूच म्हणाला, "आये, घेऊ दे. आमी चाललो कर्नाटकात, फडात रेंज नसती. मुकादम तर आजारी, घरीच ऱ्हानार हाय." भिवराबाई गप्प बसली. आयुष्यात एकदाच ती अशी गप्प बसली.

दिवाळी झाली, ट्रॅक्टर भरून टोळ्या गेल्या, वस्ती ओस पडली. धुळाजीचं मोठं ऑपरेशन झालं. त्याची लघवीची पिशवी काढली आणि पोटाला बाहेरून रबराची पिशवी लावली. गोधडी त्याचसाठी असायची. कुणी आलं की तो ती गळ्यापर्यंत ओढायचा. भिवराबाईला त्याचं वाईट वाटलं का? बिलकुल नाही. उलट बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

थंडीच्या दिवसांत एकदा ती दारात गेली तर धुळाजी बाजेवर उठून बसलेला. यावेळी तिनं विचारायच्या आधी तोच बोलला.

"आला फोन. तुजी गाठ वाढलीच न्हाई म्हनं. बशीत नासली."

"नासली म्हंजे?"

"नासली म्हंजे नासली! आता काय भाकरी हाय का, दुसरी थापाया? औषिद न्हाई, काय न्हाई. आता पुन्ना माज्या दारात येऊ नगं."

भिवराबाईनं लगेच खरं मानलं. तिच्या वाट्याचं काहीतरी नासणार, यात तिला नवल काय वाटायचं? घरी येऊन चुलीपुढं बसली आणि मोठ्यानं रडली. कुणी ऐकायला नव्हतं म्हणून रडली. डोळे पुसले तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, पिशवी काढायची नाही, डॉक्टरचं तोंड बघायचं नाही, जे होईल ते होईल.

पण रक्ताला तिचं ठरवणं ठाऊक नव्हतं. शिवरातीच्या सुमारास लघवीतून रक्ताच्या गाठी पडायला लागल्या, लघवी तुंबायला लागली, कळ आली की भिंत धरावी लागायची. तिला रोगापेक्षा राग जास्त आला. त्या पोरीनं वाढवते म्हणून तुकडा नेला आणि नासवला! मग एका सकाळी तिनं तेलगावच्या फाट्यावरून बीडची गाडी धरली. दवाखान्यात जायला नव्हे, भांडायला. बाप कुठं गाडा लावतो ते पोरीनंच सांगितलं होतं.

हैदरभाई गाड्यावर पपया रचत होते. भिवराबाईनं पोचल्या पोचल्या तोंड सोडलं.

"तुमीच का हैदरभाई? तुमच्या लेकीनं माजा घात केला! माजं मांस नेलं आन् नासवून टाकलं! शिकवलं कशाला तिला, लोकांचे जीव घ्याया?"

हैदरभाईही काही गरीब गाय नव्हते. हातातली पपई दाणकन ठेवून म्हणाले, "ए बाई, तोंड सांभाळ! माझी पोरगी ईदला घरी आली न्हाई, कावून तर लोकाच्या गाठी सांभाळायच्या हाईत म्हणून. आन् तू भर चौकात तिची इज्जत काढतीस?"

"काढते! लाव तिला फोन, तिचीच काढते!"

"लावतोच! आता ऐकूच दे सगळ्यांला!"

त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. बसची वाट बघणारे चारजण जवळ सरकले.

"बेटा, एक भिवराबाई आलीय. तुला शिव्या देतीय."

पलीकडून शाईस्ताचा आवाज आला, "तेलगावकडच्या भिवराबाई? त्या बीडमधी कशा? त्या तर कर्नाटकात हाईत ना?"

"कोन म्हनलं कर्नाटकात?" भिवराबाई फोनवर वाकली. "मी घरीच मरत पडले! माजी गाठ नासवली आन् वर इचारती?"

"नासली? मावशी, कुनी सांगितलं तुमाला? तुमची गाठ वाढली. लई जोरात वाढली. एक औषध तर असं लागू पडलं की गोळे पार विरघळून गेले. मी कितींदा फोन केला! मुकादम म्हनले, बाई पोराकडं फडावर गेलीय, हॉस्पिटलचं नाव काढलं तर चपलीनं हानीन म्हनती." आणि ती बोलू नये ते बोलून गेली. "नासली ती त्यांची हो, मावशी. वाढली न्हाई ती धुळाजीरावांची."

भिवराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपलीनं हाणीन हे तिचंच बोलणं होतं, साऱ्या वॉर्डानं ऐकलेलं. म्हणून तर त्या पोरीला खरं वाटलं. आणि स्वतःची नासलेली गाठ त्यानं तिच्या पदरात टाकली, तिची चांगली वाढलेली गाठ दाबून ठेवली. कशासाठी? तर माझं गेलं, हिचं का राहावं म्हणून! एवढ्यासाठी!

"सोडत न्हाई मी त्याला. आत्ताच्या आत्ता जाऊन गोधडी वढते त्याची."

"नंतर वढ," हैदरभाई म्हणाले. त्यांचाही राग आता दुसरीकडं वळला होता. "त्या हरामखोराचं मागाहून बघ. आधी शहराच्या गाडीत बस." त्यांनी तिच्या हातात दोन संत्री कोंबली आणि स्वतः जाऊन गाडीत जागा धरली.

शहरात डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. ते बाहेर आले तेव्हाच भिवराबाई समजली. गाठ आता वरवरची राहिली नव्हती, पिशवीच्या भिंतीत शिरली होती.

शाईस्ता तिला लॅबमध्ये घेऊन गेली. पडद्यावर काळपट गोल गोळे दिसत होते, बोरं वाळत घातल्यासारखे. ही तुमची गाठ, ती म्हणाली. मग दुसरं चित्र दाखवलं. त्यात गोळे नव्हते, नुसता चुरा होता.

"हे औषिद घातल्यावर?"

"व्हय."

"मेलं?"

"मेलं."

"मंग माज्यातलं कावून जितं हाय?"

शाईस्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. भिवराबाईला ते बघवलं नाही, पण तिनं सोडलंही नाही. "रडू नगं. बीड तुजं गाव हाय ना? मी न्हाई म्हनले आसं कळलं, तर एकदा येऊन माज्या तोंडून न्हाई ऐकायचं व्हतं."

"चुकलं माझं," शाईस्ता म्हणाली. "तुमी तरी स्वतः यायचं व्हतं, मावशी."

दोघीही एकमेकींवर चिडून तशाच पडद्यापुढं बसून राहिल्या.

औषध सुरू झालं. सलाईनमधून चढवायचे. गाठ आवळली, जीव वाचण्यासारखा झाला. पण भिंतीत गेलेली मुळं पुरती सुटली नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर भिवराबाईची दुसरी पिशवीही काढली. हंगामाच्या आरंभी आली असती तर बहुतेक राहिली असती, असं मोठे डॉक्टर स्वतः म्हणाले. आता तिच्याही पोटाला रबराची पिशवी आली.

फडावरून परतलेल्या सोमेश्वरला सगळं कळलं तेव्हा तो कोयता घेऊनच निघाला होता. चौघांनी धरला. पण गोष्ट वस्तीत पसरायची ती पसरली. बाया तर धुळाजीच्या दारावरून जाताना थुंकायच्या. पुढच्या हंगामाला त्याच्या टोळीत जायला कुणी तयार होईना. फोनवर लोक इतक्या शिव्या घालायला लागले की त्यानं फोन बंद करून टाकला. भिवराबाई मात्र त्याच्याकडं गेली नाही. तिनं एक केलं, तालुक्याला जाऊन स्वतःचा फोन घेतला आणि पहिला नंबर शाईस्ताला दिला.

पोळ्याच्या दिवशी तो फोन वाजला.

"मावशी, धुळाजीरावांचा फोन लागत न्हाई," शाईस्ता म्हणाली. "मागच्या तपासनीत दिसलं, त्यांचा आजार पुढं सरकलाय. त्यांचा एक तुकडा आम्ही गोठवून ठेवला व्हता, तो या बारीला वाढला. त्यांना लागू पडनारं औषध सापडलंय, तुमच्याहून वेगळं. पर लगेच यायला पाहिजे. त्या गावातल्या दुसऱ्या कुनाचा नंबर न्हाई माझ्याकडं."

"मी सांगू? त्याला? तुला लाज न्हाई वाटत?"

"वाटती. तरी सांगते."

भिवराबाईनं फोन ठेवला. मंगलनं सगळं ऐकलं होतं. "आत्याबाई, न्हाई सांगायचं," ती म्हणाली. "मरू द्या त्याला. कुनाला काय कळतंय?"

खोटं कशाला बोला, भिवराबाईला ते फार गोड वाटलं. नुसतं गप्प बसायचं! हातसुद्धा हलवायचा नाही. तो बाजेवर वाट बघत बघत जाईल. दुपारच्या भाकरीपर्यंत तिनं ते सुपारीसारखं तोंडात घोळवलं. धुळाजीनंही ते असंच घोळवलं असणार, हे मनात आलं आणि तिनं पुढची भाकर सारून दिली. त्याच्यासारखं तोंड तिला नको होतं.

"जा, मंगल. सांग त्याला, हॉस्पिटलचा फोन आलाय. ऐकायचा आसंल तर माज्या दारात यावं."

सारं गाव बैल बघायला बाहेर पडलेलं होतं. त्या सगळ्यांच्या मधून धुळाजी काठी टेकत आला. गोधडी नव्हती. सदऱ्याखाली फुगवटा दिसत होता आणि लोक बघत होते. तो भिवराबाईच्या उंबऱ्यासमोर येऊन उभा राहिला. ती आत पाटावर बसलेली. उठली नाही, बस म्हणाली नाही. जन्मभर ती त्याला तुमी म्हणत आली होती. आज म्हणाली, "इचार."

"काय इचारू?"

"मी बाजाराच्या बाजारी काय इचारत व्हते?"

धुळाजीनं मागं बघितलं. रस्त्यावर बाया उभ्या होत्या, कितीतरी जुन्या टोळीतल्या.

"भिवरे... फोन आला का?"

"आला. तुजी गाठ वाढली. तुला लागू पडनारं औषिद सापडलंय. शाईस्ता डाक्टरीन वाट बघतीय, उद्याच्या पहिल्या गाडीनं जा. उशीर केला तर उपेग न्हाई. सगळं सांगितलं, काय ठिवलं न्हाई."

धुळाजीनं चौकट धरली. "भिवरे, तुजे लई उपकार—"

"उपकार न्हाई! मी तुला माफ केलं न्हाई, मरंस्तवर करनार न्हाई," भिवराबाई उठली आणि दाराला हात घातला. "फोन आला की असा सांगायचा आसतो, एवढं बघून ठिव."

आणि तिनं त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.